शारदेचा धैर्यधर होताना

१९९३ साली मी आठवीत होतो. गाव तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. शाळेत रोज सकाळी प्रार्थना होत असे आणि ती माईकवर म्हणणाऱ्या पाच-सहा मुलांत मी पाचवीपासून असे. दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत गेलो आणि पहिल्याच दिवशी वरच्या षड्जावर माझा आवाज मध्येच तुटला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. रांगेतली मुले हसली. तिसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "तू उभा राहा, पण नुसते ओठ हलव." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कार्यक्रम नीट व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मी ते वर्षभर ओठ हलवले. पुढच्या वर्षी आवाज स्थिर झाला, पण तोवर गाण्याची सवय सुटली होती. ती पुन्हा धरायची राहूनच गेली.

आज मी प्रयोगशाळेत बहुवारिकांवर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंवर काम करतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका रेणूविषयी वाचत होतो. तो पाणी धरून ठेवतो, जेलीसारखा मऊ राहतो आणि धक्के शोषून घेतो. हा रेणू माणसाच्या शरीरात कुठे कुठे सापडतो याच्या यादीत डोळा, सांधे, त्वचा यांच्याबरोबर 'स्वरतंतू' हा शब्द दिसला. मग तो जुना प्रश्न वर आला. त्या वर्षी माझ्या घशात नेमके काय झाले होते?

उत्तर शोधताना ध्यानात आले, की या प्रश्नाचा इतिहास दोन ठिकाणी घडला आहे. एक ठिकाण म्हणजे युरोपातील व जपानमधील संशोधकांची टेबले. दुसरे ठिकाण आपल्या अधिक ओळखीचे आहे, ते म्हणजे मराठी संगीत रंगभूमी.

रंगभूमीवरची मुले

अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या काळी नाटक मंडळ्यांत स्त्रिया नव्हत्या. शकुंतला, सुभद्रा, शारदा या साऱ्या भूमिका पुरुष करीत, आणि त्यांतही कोवळ्या आवाजाच्या मुलांना मोठी मागणी असे. पण या व्यवस्थेत एक अडचण होती आणि ती टळण्यासारखी नव्हती. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटे. तोवर टाळ्या घेणारा मुलगा पुढे गाऊ शकेल की नाही हे कोणालाच सांगता येत नसे. मंडळीच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि मुलाच्या दृष्टीनेही.

केशवराव भोसल्यांचे उदाहरण पाहा. जन्म १८९० चा. लहानपणीच ते नाटक मंडळीत गेले आणि बालवयातच गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकात शारदेची भूमिका करून त्यांनी नाव मिळवले. १९०८ साली त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा जो प्रयोग झाला, त्यात केशवराव धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. म्हणजे एकेकाळची शारदा आता धैर्यधर होऊन उभी होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव वारले.

त्या रात्री समोर भामिनी म्हणून उभे असलेले बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, १८८८ साली जन्मले. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. तेव्हा ते १७ वर्षांचे होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

तिसरे नाव मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे. १९०० साली गोव्यात मंगेशी येथे जन्म. 'भावबंधन'मधील लतिकेसारख्या स्त्रीभूमिकांनी ते गाजले आणि पुढे पुरुषभूमिकांतही तितकेच रमले. हे तिघेही मोठे झाले म्हणून आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत. ज्यांचा आवाज फुटला आणि नंतर जमलाच नाही, अशा मुलांची नावे नाट्येतिहासात सापडत नाहीत.

एका गायनशिक्षकाने केलेला शोध

आवाज नेमका कुठून येतो हे पाहणे सोपे नव्हते. स्वरयंत्र गळ्यात आत, जिभेच्या मुळाच्या खाली असते. जिवंत माणसाचे स्वरयंत्र दिसत नाही आणि मेलेल्या माणसाचे वाजत नाही. यातून मार्ग काढण्यासाठी १७४१ साली फ्रान्समधील फेरँ या शरीरशास्त्रज्ञाने मृत प्राण्यांची स्वरयंत्रे काढून त्यांतून हवा फुंकली. आतल्या दोन पांढुरक्या कडा कंप पावतात आणि आवाज निघतो, असे त्याला दिसले. त्याला व्हायोलिनच्या तारांची आठवण झाली आणि त्याने या कडांना 'आवाजाच्या तारा' म्हटले. आपण आजही 'स्वरतंतू' म्हणतो, त्याचे मूळ या उपमेत आहे. उपमा सोयीची होती, पण तिने पुढे बरीच दिशाभूल केली. १८३९ च्या सुमारास जर्मनीत योहानेस म्युलर याने मृत माणसांच्या स्वरयंत्रांवर असेच प्रयोग केले. वजने लावून कडांवरचा ताण बदलला की स्वर कसा बदलतो, हे त्याने मोजले.

जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना पाहिले ते मात्र एका गाणे शिकवणाऱ्या मास्तरांनी. त्यांचे नाव मान्युएल गार्सिया. घराणे स्पॅनिश गायकांचे. स्वतःचा आवाज तरुणपणीच बिघडल्यामुळे ते गाणे सोडून शिकवण्याकडे वळले होते. १८५४ साली पॅरिसमध्ये असताना त्यांना कल्पना सुचली. त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा छोटा आरसा विकत घेतला, तो पडजिभेशी टेकवला आणि दुसऱ्या हातातील आरशाने सूर्याचा प्रकाश त्याच्यावर पाडला. त्यांना स्वतःचेच स्वरतंतू उघडताना आणि मिटताना दिसले. असे प्रयत्न आधीही कोणी कोणी केले होते, पण गाताना काय होते याचे नीट निरीक्षण गार्सियांचे. १८५५ साली त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. गार्सिया १०१ वर्षे जगले. १९०५ च्या मार्चमध्ये लंडनला त्यांची शंभरी साजरी झाली. त्याच वर्षी इकडे नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले.

पुस्तकातले गणित आणि घशातले गणित

ध्वनीचा धडा शिकवताना आपण सांगतो, की पुरुषांच्या स्वरतंतूंची लांबी सुमारे २० मिलिमीटर आणि स्त्रियांच्या स्वरतंतूंची सुमारे १५ मिलिमीटर असते, म्हणून स्त्रियांचा आवाज उंच असतो. हे खरे आहे, पण एखादी चौकस विद्यार्थिनी इथे अडवू शकते. तार जितकी आखूड तितकी वारंवारता जास्त, हा नियम लावला तर लांबीच्या २० : १५ या गुणोत्तरावरून वारंवारतांचे गुणोत्तर ४ : ३ यायला हवे. पुरुषाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला साधारण १२० कंपनांचा धरला, तर स्त्रीचा १६० यावा. प्रत्यक्षात तो २०० च्या आसपास असतो.

संगीताच्या भाषेत सांगायचे तर गणिताने येते ते षड्ज-मध्यम एवढे अंतर. कानांना ऐकू येते ते मात्र षड्ज-धैवत एवढे. मधले दोन स्वर आले कुठून?

पहिले उत्तर असे. स्वरतंतूंची मागची टोके कूर्चेची असतात. ती फारशी कंप पावत नाहीत. कंप पावतो तो पुढचा मऊ भाग. तो पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत सुमारे १० मिलिमीटर असतो. म्हणजे गुणोत्तर १.६. अमेरिकेतील इंगो टिट्झ या शास्त्रज्ञाने १९८९ साली हा हिशेब मांडला. १२० ला १.६ ने गुणले की १९२ येतात आणि गणित कानाच्या जवळ येते.

दुसरे उत्तर अधिक खोल आहे. स्वरतंतू ही तार नाहीच. ती एक घडी आहे, पट्टी आहे, आणि तिला थर आहेत.

पट्टीचे थर

जर्मनीतील राइंके याने १८९५ साली एक गोष्ट नोंदवली होती. स्वरतंतूच्या वरच्या पातळ आवरणाखाली एक सैलसर जागा आहे. तिच्यात द्रव टोचला तर तो तिथेच साठून राहतो. या जागेचे महत्त्व कळायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. जपानमधील कुरुमे विद्यापीठातील डॉ. मिनोरू हिरानो यांनी स्वरतंतूंचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९७४ साली एक नवे चित्र पुढे ठेवले.

त्यांनी दाखवले, की सर्वांत वर पातळ त्वचेसारखे आवरण असते. त्याखाली जेलीसारखा मऊ थर. त्याखाली लवचिक धाग्यांचा थर, जणू मऊ रबरबँड एकमेकांशेजारी ठेवावेत तसा. त्याखाली कोलॅजन या प्रथिनाच्या चिवट धाग्यांचा थर, सुती दोऱ्यासारखा. आणि सर्वांत खाली स्नायू, ताठ रबरबँडसारखा. आवरण आणि स्नायू यांच्यामधले तिन्ही थर मिळून जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर भरते. खालचा स्नायू म्हणजे गाभा आणि वरचे मऊ थर म्हणजे त्याच्यावरची सैल खोळ. फुफ्फुसातून हवा वर आली की ही खोळ गाभ्यावर लाटेसारखी सरकते. झेंडा वाऱ्यावर फडफडतो तेव्हा कापडावरून लाट जाते, तसेच काहीसे. फरक एवढा, की इथे समोरासमोर दोन पट्ट्या असतात आणि प्रत्येक लाटेला त्या एकमेकींवर आपटतात.

मघाशी ज्या रेणूचा उल्लेख केला, तो जेलीसारख्या थरात असतो. त्याचे नाव हायलुरॉनिक आम्ल. १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळा केला. स्वरतंतूंत तो पाणी धरून ठेवतो, थर मऊ राखतो आणि आपटण्याचा धक्का सोसतो. १९९७ साली अमेरिकेतील एका संशोधकगटाने पुरुषांच्या स्वरतंतूंत हे आम्ल स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे नोंदवले. ही नोंद आपण लक्षात ठेवू, पुढे तिचे काम पडेल.

जन्मापासून किशोरवयापर्यंत

१९८० च्या दशकात हिरानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयांच्या माणसांचे स्वरतंतू तपासले. नवजात बाळाचा स्वरतंतू अडीच-तीन मिलिमीटरचा असतो, तांदळाच्या दाण्याहून आखूड. त्यात वर सांगितलेले थर वेगळे दिसत नाहीत. सारा ऊतक एकसारखा असतो. एक ते चार वर्षांच्या दरम्यान त्यात चिवट धाग्यांचा बंध आकार घेऊ लागतो. मधल्या आणि खालच्या थरांची मोठ्यांसारखी रचना पूर्ण होते ती किशोरवयाच्या अखेरीस. नंतरच्या अभ्यासांत थरांची सुरुवात याहून लवकर होत असल्याच्या खुणा दिसल्या आहेत, पण क्रम तोच आहे.

थोडक्यात, आपण थर घेऊन जन्मत नाही, ते पुढे घडतात. धागे कुठल्या दिशेने रचले जावेत यात रोजच्या रडण्या-बोलण्याच्या कंपनांचाही हात असावा, असे अनेक संशोधक मानतात.

दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या स्वरयंत्रांत फारसा फरक नसतो. फोनवर 'हॅलो' म्हणणारा आवाज मुलाचा की मुलीचा, हे आपल्याला पुष्कळदा ओळखता येत नाही, ते त्यामुळेच. मग पौगंडावस्था येते. मुलांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेवर त्याचा परिणाम होतो. ती मोठी होते आणि पुढे येते. तोच गळ्यावर दिसणारा कंठमणी. कूर्चा पुढे सरकली की तिला बांधलेले स्वरतंतू लांबतात आणि जाडही होतात. मुलींच्या स्वरतंतूंचीही लांबी वाढते, पण मुलांतील वाढ तिच्या दुपटीहून अधिक असते. त्यामुळे मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो आणि मुलींचा दोन-तीन स्वरच. मुलींचाही आवाज बदलतो ही गोष्ट आपण शिक्षक बहुधा विसरतो. तोही काही महिने घोगरा किंवा श्वास सुटल्यासारखा होऊ शकतो.

मग आवाज 'फुटतो' का? कारण साधन बदलते, पण ते वापरण्याची सवय जुनीच असते. लहान सायकल रोज चालवणाऱ्या मुलाला एके दिवशी मोठी सायकल दिली तर तो पहिले काही दिवस धडपडतो. इथे तर सायकल रोज थोडी थोडी वाढत असते. किती ताण दिला की कुठला स्वर निघेल, याचे मेंदूने दहा वर्षांत बसवलेले हिशेब चुकू लागतात. मुलगा जुन्या हिशेबाने वरचा षड्ज लावायला जातो. स्वरतंतू एका प्रकारच्या कंपनातून एकदम दुसऱ्या प्रकारात उडी घेतात आणि आवाज तुटतो. त्यात आजार काहीही नसतो. काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात, मेंदू नवे हिशेब शिकतो.

'शारदा' गाणाऱ्या केशवरावांच्या गळ्यात थरांची रचना अजून पुरी झाली नव्हती. 'धैर्यधर' गाताना तेच ऊतक लांबलेले, जाड झालेले, पूर्ण थरांचे होते. एकाच माणसाने एका आयुष्यात दोन वाद्ये वाजवली, आणि मधल्या काळात दुसरे वाद्य पहिल्यापासून शिकून घेतले.

बदल अडवणारे आणि बदल स्वीकारणारे

हा बदल थांबवण्याचा मार्ग इटलीत काही शतके चालला. तिथेही चर्चमध्ये गाण्यास स्त्रियांना बंदी होती. म्हणून गोड गळ्याच्या मुलांचे वयात येण्याआधीच खच्चीकरण करीत. टेस्टोस्टेरॉन नाही, त्यामुळे स्वरतंतू आखूडच राहत. छाती आणि फुफ्फुसे मात्र मोठ्या माणसाची. अशा गायकांपैकी शेवटच्यांतील एक, अलेस्सांद्रो मोरेस्की, याच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका १९०२ आणि १९०४ साली रोममध्ये झाल्या. त्या आजही ऐकता येतात. त्या ऐकताना त्या आवाजासाठी मुलांकडून काय हिरावून घेतले गेले, हे विसरता येत नाही.

मराठी रंगभूमीने हा मार्ग कधी धरला नाही. तिने फुटलेल्या, पुन्हा बसलेल्या, पुरुषी स्वरतंतूंनाच स्त्रीची गाणी दिली. आता बालगंधर्वांच्या त्या १७ वर्षांकडे परत येऊ. ते किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्यांच्या आवाजाची उलथापालथ बहुधा होऊन गेलेली होती. १९११ साली भामिनी, १९१६ साली 'स्वयंवर'मधील रुक्मिणी आणि १९१९ साली 'एकच प्याला'मधील सिंधू म्हणून महाराष्ट्राने जो आवाज मनात साठवला, तो प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंचा आवाज होता. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. आवाज उंच आहे, पण चोरटा किंवा बनावट नाही. स्त्रीत्व येते ते शब्द टाकण्याच्या पद्धतीतून, स्वराला दिलेल्या हळुवार वळणांतून आणि थांबण्यातून. यावरून एक गोष्ट शिकता येते. आवाजाची उंची ऊतकावर अवलंबून असते, पण त्या आवाजाने काय सांगायचे हे केवळ ऊतक ठरवत नाही.

बालगंधर्वांचा आमच्या जिल्ह्याशीही एक धागा जुळतो. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी पुरुषभूमिका केली, ती पैठणच्या संत एकनाथांची. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम. आणि नाथांच्या भारुडांत काय असते? कितीतरी भारुडे बाईच्या तोंडची आहेत. आमच्या भागात भारूड सादर करताना पुरुष कलावंत साडी नेसून उभा राहतो आणि आपल्याच भरड आवाजात बाईचे मन बोलून दाखवतो. ऐकणाऱ्याला ते खटकत नाही.

हळूहळू रंगभूमीवर स्त्रियाही आल्या. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांकडेच दिल्या. मुलाचा आवाज फुटणे हा नाटक मंडळ्यांपुढचा प्रश्न मग उरला नाही. शाळेत मात्र तो उरला.

उतारवयातला गळा

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आता ती पंचाहत्तर वर्षांची आहे. तिने फोन उचलला की अनोळखी माणूस हटकून म्हणतो, "काका, जरा ताईंना फोन द्या." पहिल्यांदा तिला वाईट वाटले होते. आता ती "काका नाही, काकू बोलतेय" असे म्हणून पुढे जाते. उलट वडिलांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक आणि कापरा झाला आहे.

हे आमच्याच घरी घडते असे नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होते. स्वरतंतूंच्या वरच्या मऊ थरात सूज आल्यासारखा जाडपणा येतो आणि स्त्रियांचा आवाज खाली उतरतो. पुरुषांत साठीनंतर आतला स्नायू बारीक होतो, लवचिक धाग्यांचा थर विरळ होतो, कोलॅजनचे धागे दाट व अस्ताव्यस्त होतात. सरळ असणाऱ्या कडा धनुष्यासारख्या वाकतात आणि मिटतानाही मध्ये फट राहते. तीतून हवा निसटते. अशा पातळ, ताठर पट्ट्यांचा आवाज वर चढतो. थरांतील हे बदल पुरुषांत अधिक ठळक असतात, असे हिरानो यांना आढळले होते.

म्हणजे बालपणी सारखे असणारे आवाज मध्ये पन्नासेक वर्षे एकमेकांपासून दूर राहतात आणि उतारवयात पुन्हा जवळ सरकतात.

शिक्षकाचा गळा

आता आपल्या व्यवसायाविषयी. एक साधा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्या. दिवसभराच्या तासिकांत शिक्षकाचा आवाज प्रत्यक्ष निघतो तो वेळ सगळा मिळून ६० मिनिटे धरा. सेकंदाला १२० कंपने असतील तर पुरुष शिक्षकाचे स्वरतंतू एका दिवसात ४,३२,००० वेळा एकमेकांवर आपटतात. २०० कंपने असतील तर शिक्षिकेचे ७,२०,००० वेळा. शिवाय तिच्या पट्ट्या आखूड, म्हणजे धक्का वाटून घ्यायला जागा कमी, आणि धक्का सोसणारे हायलुरॉनिक आम्लही कमी असल्याची नोंद आपण वर पाहिली. शिक्षकांच्या आवाजाच्या तक्रारींचे सर्वेक्षण अनेक देशांत झाले आहे. तक्रारी शिक्षकांपेक्षा शिक्षिकांच्या अधिक असतात, हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. हा कोणाच्या नाजूकपणाचा प्रश्न नाही, हा यंत्रावर पडणाऱ्या भाराचा प्रश्न आहे.

म्हणून साठ-सत्तर मुलांच्या वर्गावर ओरडण्याऐवजी टाळी, घंटा किंवा फळ्यावरची खूण वापरावी. मधून मधून पाण्याचे घोट घ्यावेत, कारण मऊ थर पाण्यानेच मऊ राहतात. दोन तासिकांमध्ये गळ्याला थोडी विश्रांती द्यावी. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आमच्या शहरात घाटी रुग्णालयात गार्सियांच्या आरशाचे आजचे रूप पाहायला मिळते. बारीक नळीतून कॅमेरा आत जातो आणि आपले स्वरतंतू आपल्यालाच पडद्यावर दिसतात.

वर्गात करून पाहा

पाचवी ते दहावीच्या काही मुलामुलींना आपले नाव आणि गावाचे नाव नेहमीच्या बोलण्याच्या सुरात सांगायला लावा. शेवटचे अक्षर थोडे लांबवायला सांगा. पेटीवर तो स्वर कुठल्या पट्टीशी जुळतो ते शोधा. पेटी नसेल तर मोबाईलवर स्वराची वारंवारता दाखवणारे मोफत साधन मिळते. इयत्तेनुसार आकडे मांडून आलेख काढा. पाचवीत मुलामुलींचे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतील आणि नववी-दहावीत दोन वेगळे पुंजके दिसू लागतील. त्यात एकाच वयाच्या मुलांत केवढा फरक असतो, तेही दिसेल. कोणाचा आवाज बाराव्या वर्षी उतरतो, कोणाचा पंधराव्या. ज्याचा उतरलेला नाही त्याला चिडवू नये आणि ज्याचा तुटतो आहे त्यालाही नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. आकडे गोळा करताना नावे मात्र लिहू नका. आणि ज्याला भाग घ्यायचा नसेल त्याला मोकळीक द्या.

आता राहिली प्रार्थनेची रांग. दिवाळीनंतर तिच्यातल्या एखाद्या मुलाचा आवाज वरच्या स्वरावर तुटेल. तेव्हा त्याला रांगेतून काढू नका आणि ओढूनताणून वर गायलाही लावू नका. त्याला सांगा, की तुझे स्वरतंतू सध्या वाढत आहेत, काही दिवस खालच्या सप्तकात, जमेल तेवढेच गा. जमल्यास त्या दिवशी पेटी दोन-तीन पट्ट्या खाली घ्या. बाकीच्या मुलांची त्याने फारशी अडचण होत नाही, आणि त्या मुलाचे गाणे सुटत नाही.